तिसरं ताट

विहिरीच्या पाण्याची तिसरी बाटली भरून झाली. नागपूरहून आलेल्या संघदीपने तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, चिठ्ठीवर तारीख लिहिली आणि बाटली अशा काही अदबीने थंड पेटीत ठेवली, की काठावर जमलेल्या बायका आपल्याच विहिरीत नव्याने डोकावून पाहू लागल्या.

"पान्यात काय निंगालं का रे बाबू?" लालीबाईने विचारलं.

"अजून काई नाई, आजी. नागपूरले नेऊन पाहू."

"पानी कायले नेतं? अंबाडी ने. रोज अंबाडीची भाजी असते माह्या ताटात. म्हनून माहं डोकं चालते."

एवढं बोलून ती थांबली नाही. घरी जाऊन डबाभर भाजी घेऊन आली आणि संघदीपसमोर धरली. बिचाऱ्याला तिच्यावरही चिठ्ठी चिकटवावी लागली. ते पाहून तांड्याचे नायक हिरासिंग जरा नाराज झाले. विहीर त्यांच्या वडिलांच्या काळात खोदलेली, त्यामुळे जे काही श्रेय मिळायचं ते पाण्याला मिळावं, अंबाडीला नको, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

रंजिता राठोड कडुलिंबाखाली कापडी पिशवी छातीशी धरून उभी होती. सगळा तांडा लग्नघरासारखा हसत-खिदळत होता आणि ती मात्र त्या थंड पेटीकडे पाहत होती. नागपूरच्या मॅडम ज्याचा शोध घेत होत्या ते पाण्यात नव्हतं, अंबाडीतही नव्हतं. ते काय होतं हे त्या गर्दीत फक्त तिला माहीत होतं.

रंजिता या तांड्याची आशाताई. फुलसावंगीपासून आत चार किलोमीटरवरच्या त्या वस्तीत कोणाचं बाळंतपण कधी, कोणाची गोळी चुकली, कोणाचं पोर लसीच्या दिवशी मामाच्या गावाला पळवलं, हे तिला तोंडपाठ. दोन वर्षांपासून तिच्याकडे आणखी एक काम आलं होतं. नागपूरच्या एका संस्थेत डॉ. दीपमाला मुनेश्वर नावाच्या शास्त्रज्ञ होत्या. मेंदूला येणारी सूज आणि त्यातून मागे राहणारे आजार हा त्यांचा अभ्यास. सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात या तांड्यात मेंदूज्वर शिरला होता. दोन माणसं गेली, नऊ वाचली. अशी वाचलेली माणसं मॅडमनी जिल्ह्यातल्या वीस गावांतून शोधून काढली होती. दर सहा महिन्यांनी संघदीप गाडी घेऊन यायचा, रक्त घ्यायचा, आणि त्या-त्या गावची आशाताई स्मरणाची चाचणी घ्यायची.

चाचणी साधी होती. नांगर, आरसा, विहीर, पतंग, मीठ. पाच शब्द हळूहळू म्हणून दाखवायचे. मग दहा मिनिटं दुसरं काही करायला लावायचं, दाणे मोज, चित्र काढ. आणि मग विचारायचं, मघाचे शब्द सांगा. जितके आठवले तितके गुण.

पहिल्या चाचणीत तांड्याची पार शोभा झाली. लालीबाईला एकही शब्द आठवला नाही. तिने ओढणी तोंडावर ओढली आणि ती रडायला बसली. बाकीच्यांना एक, नाहीतर दोन. जीवनला शून्य. संध्याकाळी हिरासिंग रंजिताच्या दारात येऊन उभे राहिले.

"बेटी, हे कागद नागपूरले जातात म्हंते. तिथं साऱ्या जिल्ह्यात आपलाच तांडा ढ निंगाला तर कसं दिसन?"

रंजिताला ते पटलं. पटण्याचं कारण तिच्या शाळेत होतं. ती दहावी पास. तिच्या शाळेत साहेब तपासणीला येणार असले, की गुरुजी आदल्या आठवड्यात सगळा धडा घोकून घेत. साहेब खूश होत, गुरुजी खूश होत, पोरांना गोळ्या मिळत. साहेबांना कोरड्या डोक्याने सामोरं जाणं हा त्यांचा अपमान आहे, अशीच तिची समजूत होती. मग पुढच्या चाचणीच्या आधी तिने सगळ्यांना कडुलिंबाखाली बसवलं. नांगर, आरसा, विहीर, पतंग, मीठ. पुन्हा म्हणा. लालीबाईने तर जात्यावर बसल्यासारखी चालच लावली.

प्रशिक्षणात सांगितलेला नियम तिने कधी मोडला नाही. चाचणी चालू असताना कोणाला उत्तर सांगायचं नाही, म्हणजे नाही. एकदा खुद्द नायकांच्या भावाने डोळ्यांनी खूण करून 'पतंग' मागितला, तेव्हा तिने सरळ आभाळाकडे पाहिलं आणि त्यालाही तिकडे पतंग दिसला नाही म्हणून त्याचा एक गुण गेला. कॉपी वेगळी आणि अभ्यास वेगळा, एवढं तिला कळत होतं.

इतरांचा अभ्यास आठवड्याचा. जीवनचा मात्र रोजचा. कारण जीवन तिचा नवरा होता.

आजाराआधी जीवन फुलसावंगी ते महागाव काळीपिवळी जीप चालवायचा. कुठल्या वळणावर कोण उतरतो, कोणाच्या सासूला पुढची सीट लागते, सगळं त्याच्या डोक्यात. मेंदूज्वरात बावीस दिवस तो यवतमाळच्या दवाखान्यात होता. घरी आला तेव्हा चालत होता, हसत होता, बायकोला आणि लेकीला ओळखत होता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. महिन्याभराने त्याने जीप काढली. फुलसावंगीला अकरा माणसं भरली, अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवली आणि मागे वळून त्या अकरा जणांना विचारलं, "कुठं चाललो आपून?"

तेव्हापासून जीप त्याचा भाऊ चालवतो.

आजाराआधीचं सगळं त्याच्यापाशी शाबूत होतं. नंतरचं काही टिकत नव्हतं. सकाळी भेटलेला माणूस दुपारी त्याला नवा वाटे आणि तो पुन्हा तितक्याच मायेने रामराम करी. त्यामुळे त्याच्याइतका अगत्याचा माणूस सबंध तांड्यात नाही, असं बाहेरून येणारे सगळे म्हणत. बकऱ्या राखणं, विहिरीवरून पाणी आणणं, जेवणाची ताटं मांडणं ही कामं तो बिनचूक करायचा.

बिनचूक म्हणजे, एक चूक सोडून. लेकीचं, सोनूचं लग्न आजारानंतरचं. तीन वर्षांपूर्वी तिला दारव्ह्याला दिलं. नवरा बादल, बियाण्याच्या दुकानात कामाला, शांत मुलगा. निघताना सोनूने रीतीप्रमाणे ढावलो गायला, लेकीच्या निरोपाचं ते लांब रडगाणं, तेव्हा जीवन तिच्या गळ्यात पडून इतका रडला की जावयाला त्याला सोडवावं लागलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चुलीपाशी येऊन विचारलं, "सोनू उठली नाई का अजून?"

रोज संध्याकाळी तो फळीवरून तीन ताटं काढायचा. एक त्याचं, एक रंजिताचं, एक सोनूचं. "सोनू काहून नाई आली?" तो विचारायचा. "येईन," रंजिता म्हणायची आणि त्याची पाठ वळली की तिसरं ताट परत फळीवर ठेवायची. पहिल्या वर्षी ती खरं सांगायची. लेकीचं लग्न झालं हे रोज नव्याने ऐकताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की नंतर तिने सांगणं सोडून दिलं. या घरातलं बोलणं गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत चालायचं. इथे ते वऱ्हाडीत उतरवलं आहे, एवढंच.

तर चुलीवर भाकरी थापताना रंजिता रोज त्याच्याकडून ते पाच शब्द म्हणवून घ्यायची. चुकायच्या आधीच पुढचा शब्द सांगायची. चार महिने काहीच झालं नाही. मग एके दिवशी तिने 'नांगर' म्हटल्यावर तो आपला आपण 'आरसा' म्हणाला. तिच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. पुढच्या दोन चाचण्यांत त्याला चार-चार गुण मिळाले आणि परवाच्या चाचणीत पाच. ते पाच तिने तक्त्यात भरले तेव्हा आपण काही वाईट केलंय असं तिच्या मनातही आलं नाही. उलट तिने सोनूला फोन करून सांगितलं.

आज सकाळी मॅडम स्वतः आल्या आणि सगळंच फिरलं.

मॅडम दारव्ह्याच्या. त्यांचे वडील भीमराज एसटीत वाहक होते. नागपुरात राहून मॅडमची भाषा पुस्तकी झाली होती, पण तांड्यात त्या ओट्यावर मांडी घालून बसायच्या आणि पितळी पेल्यातला चहा प्यायच्या, म्हणून लोकांना त्या आवडायच्या. हिरासिंगांनी विचारलं, की बाई, ताप गेला, मग डोक्यात राहिलं तरी काय? तेव्हा त्या म्हणाल्या, "नायक, सोयाबीनला जागलीवर जाता ना तुम्ही?"

"जातो ना. डुकरं सोडतात का मंग?"

"मेंदूतही जागल्ये असतात. बारीक पेशी. आजार शिरला की त्या उठतात आणि त्याला हाकलतात. चांगलंच करतात. पण काहींच्या डोक्यात डुकरं निघून गेली तरी जागल्यांना कळत नाही. ते गोफण फिरवतच राहतात. वर्षानुवर्षं. मग धोंडे कोणाला लागतात?"

"पिकाले," हिरासिंग म्हणाले.

"ती सूज. ती आम्ही रक्तात मोजतो. वीस गावांत ज्याची सूज जास्त, त्याची आठवण कमी. सगळीकडे तेच. फक्त या तांड्यात रक्तातली सूज तेवढीच आहे, आणि आठवण वाढलीय." बोलता बोलता त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "इथे काहीतरी आहे. पाणी, खाणं, झोप, काय ते शोधायचं आहे."

हिरासिंगांची छाती फुगली. मग मॅडमनी रंजिताला बाजूला घेऊन पुढचं सांगितलं. पुढच्या महिन्यात दिल्लीला बैठक होती. सूज कमी करणारं एक औषध या वीस गावांतल्या माणसांवर तपासून पाहायची परवानगी तिथे मिळायची होती. "आता मला हेही मांडावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "वरचे विचारतीलच, की सूज असूनही माणसं सुधारतात तर औषध कशाला? कदाचित वर्ष-दोन वर्षं पुढे ढकलतील. पण जे आकड्यात दिसतं ते लपवता येत नाही, रंजिताताई."

रंजिताने नुसती मान हलवली. वीस गावं. त्या गावांतल्या आशाताया तिला माहीत होत्या. त्यांच्या बैठकीत एकजण सांगायची, तिच्याकडची एक तरणी बाई स्वतःच्या पोराला ओळखते पण त्याला पाजलं की नाही हे विसरते. तिचं औषध आता पुढे जाणार होतं. जीवनचंही. आणि ते कशामुळे, तर नांगर, आरसा, विहीर, पतंग, मीठ.

सांगावं तर तोंड कसं दाखवायचं? दोन वर्षं ज्या कामामुळे तालुक्याच्या बैठकीत तिला पुढची खुर्ची मिळत होती, ते काम जाईल. तांडा म्हणेल, एवढं नाव झालं होतं, तू मातीत घातलंस. न सांगावं तर संघदीपची पेटी समोरच होती, आणि तिच्यात लालीबाईची अंबाडी.

दुपारी मॅडम आणि संघदीप जेवायला तिच्याच घरी होते. जीवनने त्यांना त्या दिवशीचा चौथा रामराम केला, हात धुवायला पाणी दिलं आणि फळीवरून ताटं काढली. पाच काढली.

"अजून कोणी येणार आहे का?" मॅडमनी विचारलं.

"सोनू," जीवन म्हणाला. "कॉलेजातून येईन आता. गाडी लेट हाय वाटते."

मागच्याच महिन्यात दारव्ह्याला आईवडिलांना भेटायला गेल्या असताना मॅडम सोनूच्या घरी चहा पिऊन आल्या होत्या. त्यांनी जीवनकडे पाहिलं, मग हळूच पिशवीतून वही काढून उघडली.

"पाच शब्द टिकतात," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "आणि लेकीचं लग्न टिकत नाही. हे तर फारच वेगळं आहे. संघदीप, यांची सगळी जुनी नोंद काढ. कदाचित यावर वेगळंच लिहावं लागेल."

लिहिताना त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. तो रंजिताला पाहवेना. तिने भाजीची पळी खाली ठेवली.

"मॅडम, ते अंबाडी फेकून द्या."

"काय?"

"अन् पानी बी सांडून द्या. त्यात काई नाई. मी शिकवलं साऱ्यायले."

"काय शिकवलं?"

"शब्द. चाचनीच्या आधी घोकून घेत होती मी. नऊच्या नऊ जनायकडून. यायच्याकडून तर रोज." तिने जीवनकडे हात केला. "पन चाचनीत नाई सांगतलं, मॅडम. माह्या सोनूची आन. कॉपी नाई होऊ देली."

संघदीपला हसू आलं आणि मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहून ते त्याने घासाबरोबर गिळलं. मॅडमनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. हात धुतला आणि त्या बाहेर गेल्या.

बराच वेळ त्या कडुलिंबाखाली पाठमोऱ्या उभ्या होत्या. रंजिता दारात. जीवन मात्र शांतपणे जेवत होता, आणि मध्येच त्याने संघदीपला तुम्ही कोणच्या गावचे म्हणून विचारलं.

मॅडम परत आल्या तेव्हा त्यांची पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली होती. रंजिताने त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"रंजिता, तुनं काय करून ठेवलं हे तुले समजते का? मी दिल्लीले जाऊन हे सांगनार होती. पन्नास डॉक्टरायसमोर. एका तांड्याच्या नाकासाठी वीस गावायचं औषध थांबलं असतं. काहून केलं असं?"

"मले वाटलं, तुमी साहेब हा. तुमच्यासमोर मान्सं चांगली दिसली पायजेत."

"मले चांगली मान्सं नोको होती. मले बिमार मान्सं बिमार दिसायले पायजे होती."

रंजिताच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. अपमान वाटला, त्याहून जास्त लाज वाटली. खोलवर कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं, तेही खोटं नाही.

मॅडम ओट्यावर बसल्या. थोड्या वेळाने त्यांचा आवाज खाली आला. "दर वेळी तीच यादी ठेवली, ही माझी चूक. सहा महिन्यांत कोण लक्षात ठेवतं, असं वाटलं मला. तुझ्यासारखी कोणी असेल हे डोक्यातच आलं नाही." मग त्यांनी पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली. "बोलव सगळ्यांना."

नऊ जण पुन्हा कडुलिंबाखाली बसले. मॅडमनी ऐनवेळी डोक्यातून पाच नवे शब्द काढले. सुपारी, ढग, कुलूप, बगळा, दोर. दहा मिनिटांनी कोणाला एक आठवला, कोणाला दोन. लालीबाईने एक शब्द ठासून सांगितला, पण तो 'अंबाडी' होता आणि यादीत नव्हता. जीवनला एकही आठवला नाही. कोणी शब्द सांगितले होते हेच त्याला आठवलं नाही. हिरासिंग सगळ्यांच्या मागे खाली मान घालून उभे होते. शेवटी ते पुढे आले.

"बाई, पोरीले नोको बोलू. मीच सांगतलं होतं तिले, तांडा ढ दिसू नोको म्हनून."

"ढ कोणीच नाही, नायक. धोंडे लागलेत डोक्याला," मॅडम म्हणाल्या. "ते थांबवायचेत, म्हणून तर मी येते."

मग त्यांनी तक्त्याची फाईल रंजितासमोर ठेवली आणि पेन तिच्या हातात दिलं. "तू लिहिलंस, तूच खोड. गिरगटायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. बाजूला कारण, सही, तारीख."

रंजिताने रेघा मारल्या. पहिली चाचणी खरी होती, ती राहिली. पुढच्या तीन, नऊ माणसांच्या, सत्तावीस रेघा. प्रत्येक रेघेपुढे तिने लिहिलं, 'आधी शिकवले होते' आणि सही केली. जीवनच्या पाचावर रेघ मारताना तिचा हात थोडा थांबला. मग तीही तिने सरळ मारली, पट्टीने मारावी तशी.

"यापुढच्या चाचण्या संघदीप घेईल," मॅडम म्हणाल्या. "तू रक्ताच्या दिवशी माणसं जमवायची, औषध सुरू झालं की गोळ्या वेळेवर जातात का पाहायचं. चाचणी नाही."

"व्हय, मॅडम."

निघता निघता मॅडम जीवनपाशी थांबल्या. "जीवनभाऊ, ते नांगरवाले शब्द येतात का?"

"नांगर, आरसा, विहीर, पतंग, मीठ," जीवनने एका दमात म्हटलं.

"कोणी शिकवले?"

"शिकवले? कोनी नाई," तो हसून म्हणाला. "येतात."

मॅडम त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग रंजिताला म्हणाल्या, "हा तुझा शोध नाही, डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस. रोज तीच वेळ, तीच जागा, चुकू न देता एकच गोष्ट सांगितली, तर ती दुसऱ्या वाटेने आत जाते. माणसाला शिकल्याचं आठवत नाही, पण ती असते. सगळ्यांत जमत नाही. यांच्यात जमलंय." त्या गाडीत बसल्या, काच खाली केली. "पण बाई, दीड वर्ष खपून तू त्यांना पतंग आणि मीठ शिकवलंस? त्यांना लागेल असं काहीच नव्हतं का?"

गाडी गेली. विहिरीचं पाणी संघदीपने बकऱ्यांच्या कुंडीत ओतलं होतं. अंबाडीचा डबा रिकामाच परत मिळाला म्हणून लालीबाईने तो तपासून घेतला. भाजी संघदीपने वाटेत खाण्यासाठी ठेवून घेतली होती, त्यामुळे तिचा मान राहिला.

त्या संध्याकाळी जीवनने तीन ताटं काढली आणि विचारलं, "सोनू काहून नाई आली?"

रंजिता परातीवर वाकली होती. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "सोनू दारव्ह्याले नांदते. सुखात हाय. म्हना."

त्याचा चेहरा तसाच झाला, तीन वर्षांपूर्वी रोज व्हायचा तसा. पण ती थांबली नाही. तो चुकायच्या आधीच तिने पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीच वेळ, तीच चूल, तेच शब्द. सोनू दारव्ह्याले नांदते. सुखात हाय. पहिला महिना दोघांनाही जड गेला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलायचा थांबला. सोयाबीन निघालं, कापूस वेचून झाला. दिल्लीहून परवानगी आली आणि औषधाच्या गोळ्या यायला अजून दोन महिने होते, असं संघदीपने फोनवर सांगितलं. तालुक्याच्या बैठकीत रंजिता आता मागच्या रांगेत बसायची. तिथून खिडकी जवळ होती आणि वारा लागायचा, तेव्हा तिची तक्रार नव्हती. दुसऱ्या आशातायांनी विचारलं तर ती सगळी गोष्ट अंबाडीसकट सांगायची आणि त्यांच्याबरोबर हसायची.

होळीला आठ दिवस होते. अंगणात बायका लेंगीची गाणी म्हणून पाहत होत्या. रंजिताने तव्यावर भाकरी टाकली आणि मागे फळीवर भांड्यांचा आवाज झाला. जीवनने ताटं आणून मांडली आणि तो आपल्या जागी बसला.

दोन ताटं होती.

रंजिताला वाटलं, तो मोजायला चुकला. ती वाट पाहत राहिली. तो काही विचारेना. शेवटी तिनेच विचारलं, "सोनूचं ताट?"

"सोनू दारव्ह्याले नांदते ना," जीवन म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं, फक्त बायकोला एवढंही कसं आठवत नाही याचं थोडं नवल होतं. "सुखात हाय."

"व्हय," ती म्हणाली.

याच्यासाठीच तिने सहा महिने जिवाचं रान केलं होतं. आनंद झालाच, खराच झाला, तिला सोनूला लगेच फोन करावासा वाटला. पण फळीवर एकटं उरलेलं ते ताट दिसलं आणि ती भाकरी उलटायची विसरली. तीन वर्षं या घरात रोज संध्याकाळी एकजण सोनूची वाट पाहत होता. त्याच्याबरोबर आपणही पाहत होतो, हे तिला आज कळलं.

"भाकर करपते," जीवन म्हणाला.

तिने भाकरी उलटली. ती चांगली फुगली. मग उठून तिने फळीवरचं ताट काढलं, पदराने पुसलं आणि पाहुण्यांच्या भांड्यांत ठेवलं. होळीला सोनू आणि जावई येणार होते.